दोघांमधला तिसरा : ख्रिस्ती विचारातील मैत्री, निष्ठा आणि त्याग

ख्रिस्ती विचारात मैत्रीची पारख त्यागावर होते. या विचाराचे सर्वांत परिचित सूत्र योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. अटक झाली त्याच रात्री, शेवटच्या भोजनानंतर येशू शिष्यांशी बोलत असतो. मित्रांसाठी स्वतःचा जीव देणाऱ्याच्या प्रेमापुढे दुसरे कोणतेही प्रेम जात नाही, असा त्या बोलण्याचा आशय. त्याला लागूनच तो आणखी एक गोष्ट करतो, तिच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. शिष्यांना यापुढे दास न म्हणता मित्र म्हणायचे, असे तो जाहीर करतो. कारणही देतो : धन्याच्या मनात काय चालले आहे ते दासाला कळत नसते, मित्राला कळते. म्हणजे प्राण देण्याची भाषा इथे बरोबरीच्या भाषेसोबत येते. धन्यासाठी नोकर मरतो ती स्वामिनिष्ठा. तिच्या कथा सगळ्याच देशांत भरपूर आहेत. इथे ज्याला गुरू आणि प्रभू म्हणतात तोच शिष्यांना बरोबरीचे ठरवतो आणि जीव देण्याची पाळी स्वतःवर घेतो.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ख्रिस्ती वस्ती तुरळक. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा समाजांचा हा मुलूख. तरीही धनी, दास आणि मित्र हा फरक समजावून सांगायला या मुलखाइतकी बोलकी जागा शोधून सापडणार नाही. वेठबिगारी इथल्या माणसांच्या आठवणीतली गोष्ट आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबणारा ‘लग्नगडी’ हा जुन्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात ओळखीचा माणूस होता.

मैत्रीची बायबलमधली सर्वांत सविस्तर कथा जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. शौल राजाचा मुलगा योनाथान आणि बेथलेहेमचा मेंढपाळ दावीद यांची ही गोष्ट. गल्याथाला मारून दावीद दरबारात येतो आणि योनाथान आपला झगा, चिलखत, तलवार, धनुष्य आणि कमरपट्टा काढून त्याला देतो. युवराजाने अंगावरची राजचिन्हे मेंढपाळाला देणे ही साधी भेटवस्तू नव्हे. गादीवरचा हक्कच तो तिथे सोडत आहे, हे कथा पुढे सरकते तसे उलगडत जाते. शौल दाविदाच्या जिवावर उठतो तेव्हा योनाथान त्याला सावध करतो. तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन, असे तो रानात लपलेल्या दाविदाला भेटून सांगतो. बापाने रागाच्या भरात फेकलेला भालाही त्याला चुकवावा लागतो.

कथेतला खरा पेच यापुढे आहे. योनाथान मित्रासाठी बापाला सोडत नाही आणि बापासाठी मित्राला धरून देत नाही. गिलबोवाच्या डोंगरावर पलिष्ट्यांशी लढताना तो शौलाच्या बरोबरीने मरतो. एका निष्ठेसाठी दुसरी तोडून टाकणे सोपे असते. योनाथानाने दोन्ही सांभाळल्या आणि दोन्हींची किंमत स्वतः भरली. दाविदाने दिलेला शब्द त्याच्या मरणानंतरही चालू राहतो. गादीवर आल्यावर दावीद शौलाच्या घराण्यातले कोणी उरले आहे का याचा शोध घेतो, योनाथानाचा पायाने अधू असलेला मुलगा मफीबोशेथ याला बोलावून घेतो, आजोबाची जमीन त्याला परत देतो आणि रोज आपल्या पंगतीला बसवतो. नवा राजा जुन्या घराण्याचा निर्वंश करतो, हा त्या काळचा रिवाज. तो इथे मोडला गेला.

या दोघांच्या करारात एक शब्दप्रयोग पुन्हापुन्हा येतो : तुझ्या आणि माझ्या मध्ये परमेश्वर आहे. ख्रिस्ती मैत्रीविचाराचे सगळे धागे इथे येऊन मिळतात. मैत्री दोघांची असली तरी तिच्यात तिसरा कोणी असतो आणि दोघेही आधी त्याला बांधलेले असतात. त्यागाला बळ या तिसऱ्याकडून मिळते. त्यागाची मर्यादाही तोच ठरवतो.

नव्या करारात ही कल्पना फारशी तत्त्वचर्चा न करता लहान प्रसंगांतून येते. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावी चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. दाराशी गर्दी असते. मग ते घराचे छप्पर उकरतात आणि रोग्याला वरून येशूपुढे खाली सोडतात. रोग्याचे नाव दिलेले नाही, चौघांचीही दिलेली नाहीत. शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्या वाचकाला यात चमत्कारापेक्षा ते चौघेच आधी दिसावेत. रस्ता न पोहोचलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, ओढे ओलांडत डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या इथल्या पावसाळ्यात अजून छापून येतात. येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. रोग्याच्या विश्वासाबद्दल तो वेगळे काहीच म्हणत नाही. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या कामी येते, ही कल्पना ख्रिस्ती परंपरेने याच ओळींवरून घेतली. छप्पर मात्र दुसऱ्याचे होते आणि ते कोणी शाकारून दिले, याबद्दल मजकूर गप्प आहे.

पौलाच्या पत्रांतही अशी माणसे भेटतात. प्रिस्क आणि अक्विला या जोडप्याने आपल्यासाठी मान धोक्यात घातली, असे तो रोमच्या मंडळीला कळवतो. कैदेत असलेल्या पौलाची सेवा करायला आलेला एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचतो. बर्णबाची गोष्ट जरा वेगळी. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल बदलून पौल झाला, यावर यरुशलेमात कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा बर्णबाने स्वतःची पत पणाला लावून त्याला प्रेषितांपुढे उभे केले. पुढे योहान मार्क नावाच्या तरुणाला प्रवासात बरोबर घ्यायचे की नाही यावरून याच दोघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि दोघे वेगळ्या वाटांनी गेले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाने हे लपवलेले नाही. मैत्री मोडू शकते, आणि तीही भल्या माणसांची, हे या धर्मग्रंथात सरळ नोंदलेले आहे.

निष्ठा मोडल्यावर काय, याचे उत्तर पेत्राच्या कथेत सापडते. प्राण देईन म्हणणारा पेत्र पहाटेपूर्वी तीन वेळा येशूची ओळख नाकारतो. योहानाच्या शेवटच्या अध्यायात, तिबिर्याच्या सरोवराकाठी, पुन्हा उठलेला येशू त्याला तीनच वेळा प्रेमाबद्दल विचारतो आणि मेंढरे सांभाळायचे काम सोपवतो. तो झाल्या गोष्टीचा जाब विचारत नाही. पण घाव तीन वेळा झाला होता, म्हणून प्रश्नही तीनदा येतो. येशूला धरून देणाऱ्या यहूदाची कथा याच्या शेजारी ठेवून वाचली जाते. विश्वासघात दोघांचाही होता. पेत्र परत आला, यहूदा आला नाही.

मैत्रीचा असा सलग विचार करणारे ख्रिस्ती लेखक फार नाहीत. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात तागास्ते गावातल्या तरुण मित्राच्या मृत्यूचा शोक लिहिला आणि मर्त्य माणसावर तो कधी मरणारच नाही अशा रीतीने प्रेम केले, हा दोषही स्वतःच्या पदरी घातला. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या रिव्हो मठाचा मठाधिपती एल्रेड (१११०–११६७) याने मात्र मैत्रीवर स्वतंत्र संवादग्रंथच लिहिला. त्याची सुरुवातच दोन मित्रांमध्ये तिसरा म्हणून ख्रिस्त उपस्थित आहे, या भावनेने होते. एल्रेड भाबडा नव्हता. मित्र निवडावा, पारखावा आणि मगच आत घ्यावा, असे तो सांगतो. पारख चार बाबतींत करायची : निष्ठा, हेतू, विवेक आणि धीर. गुपित फोडणारा आणि पाठीत वार करणारा यांची मैत्री टिकत नाही, हेही तो बजावतो. मित्राने पाप करायला सांगितले तर निष्ठा म्हणून ते करायचे का? नाही, असे तो ठामपणे म्हणतो. मित्रासाठी जीव द्यावा, सद्सद्विवेक देऊ नये. खोटी साक्ष, गावकीच्या भांडणात ‘आपला माणूस’ म्हणून उचललेली काठी, दारूच्या गुत्त्यावर राखलेली सोबत यांना निष्ठा म्हणायची जी सवय आहे, तिला या विचारात जागा नाही.

याला एक सणसणीत आक्षेपही ख्रिस्ती परंपरेतूनच आला. डॅनिश विचारवंत सोरेन किर्केगार्द याने १८४७ मध्ये प्रेमाच्या कृतींवर लिहिलेल्या पुस्तकात मैत्रीकडे संशयाने पाहिले. ख्रिस्ताची आज्ञा शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आहे आणि शेजारी म्हणजे समोर येईल तो. मित्र मात्र आपण आवडीने निवडतो, म्हणून मैत्री हा स्वतःवरच्या प्रेमाचाच वाढवलेला पसारा ठरू शकतो. आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. पण त्याचे एक उत्तर पुढच्या शतकात एका छळछावणीत दिसले. १९४१ च्या जुलैअखेर आउश्वित्झमधून एक कैदी निसटल्याची शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायचे ठरले. त्यांतला फ्रान्चिशेक गायोव्हनिचेक बायकोमुलांसाठी टाहो फोडू लागला तेव्हा मॅक्सिमिलियन कोल्बे हा पोलिश फ्रान्सिस्कन धर्मगुरू पुढे आला आणि त्याच्या जागी गेला. १४ ऑगस्टला कोल्बे मारला गेला. दोघांची आधी मैत्री नव्हती. गायोव्हनिचेक १९९५ पर्यंत जगला आणि १९८२ मध्ये कोल्बेला संतपद मिळाले त्या सोहळ्यालाही हजर होता. मित्र आधी आणि त्याग नंतर, हा नेहमीचा क्रम इथे उलटला.

मुरबाड तालुक्याला मित्रांच्या बलिदानाची स्वतःची गोष्ट आहे आणि तिच्यात ख्रिस्ती कोणी नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मले. वकील झाले, माथेरान नगरपालिकेच्या कारभारात उतरले, शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी काढली. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि ‘आझाद दस्ता’ उभा करून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम त्यांनी चालवली. दस्त्यात त्यांचे सोबती हिराजी गोमाजी पाटील होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला घेरले आणि झालेल्या गोळीबारात कोतवाल आणि पाटील दोघेही मारले गेले. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडाच्या हुतात्मा स्मारकावर ठाणे-रायगडातून लोक येतात.

या दोघांना ख्रिस्ती चौकटीत बसवणे अन्यायाचे होईल, आणि मनोरे पाडण्याच्या मार्गाबद्दल ख्रिस्ती वाचकांतही दोन मते पडतील. तरी एल्रेडची ‘तिसऱ्या’ची कल्पना या घटनेवर उजेड टाकते. कोतवाल पाटलांसाठी मेले नाहीत, पाटील कोतवालांसाठी मेले नाहीत. दोघांच्या मध्ये देश होता. एकमेकांकडे पाहत बसलेल्या मैत्रीपेक्षा एकाच दिशेला पाहणारी मैत्री अधिक ओझे पेलते, हे जंगलात लपून काढलेल्या त्या महिन्यांत दिसते. मरणाची घटका एका पहाटेची होती. त्याआधी घरदार, वकिली आणि सुरक्षितता सोडून झाली होती. ख्रिस्ती विचारातही जीव देणे याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो : एकदम न देता थोडाथोडा, वर्षानुवर्षे दिलेला जीव.

अशा हप्त्याहप्त्याने दिलेल्या जिवाचे मराठी ख्रिस्ती समाजातले ठळक उदाहरण म्हणजे श्यामराव हिवाळे. त्यांचे नाव मराठी वाचकाला फारसे माहीत नसते. त्यांचे मित्र व्हेरियर एल्विन सर्वांना माहीत असतात. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले एल्विन १९२७ मध्ये जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल व्हायला भारतात आले. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात सुरू केलेला हा संघ पुढे पुण्याला स्थिरावला. तिथे एल्विन गांधीजींच्या चळवळीकडे ओढले गेले, इंग्रज सरकार आणि चर्च दोघांच्याही डोळ्यांवर आले, आणि अखेर संघाबाहेर पडले. त्यांच्याबरोबर बाहेर पडला तो हा मराठी ख्रिस्ती तरुण.

जमनालाल बजाज यांनी गोंडांच्या प्रदेशाकडे त्यांचे लक्ष वळवले. १९३२ च्या सुरुवातीला दोघे मैकल डोंगररांगेतल्या करंजिया गावी गेले. तेव्हा मंडला जिल्ह्यात असलेले हे गाव अमरकंटकपासून फार लांब नाही. तिथे त्यांनी गोंड सेवा मंडळ काढले : शाळा, दवाखाना, पुढे कुष्ठरोग्यांसाठी आसरा. गावकरी एल्विनना ‘बडा भाई’ आणि श्यामरावांना ‘छोटा भाई’ म्हणत. या दोन नावांत सगळी वाटणी आली. एल्विन लिहीत, फिरत, व्याख्याने देत, निधी गोळा करत. १९३९ मध्ये त्यांचे बैगांवरचे आणि १९४७ मध्ये मुरियांच्या घोटुल या युवागृहावरचे पुस्तक आले आणि मानववंशशास्त्रात त्यांचे नाव झाले. मागे राहून दवाखाना, शाळा आणि गावातले तंटे सांभाळण्याचे बरेचसे काम श्यामरावांच्या वाट्याला आले.

श्यामराव केवळ हरकाम्या नव्हते. मैकल टेकड्यांतल्या लोकगीतांचा १९४४ चा संग्रह दोघांच्या नावावर आहे आणि वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवरचा १९४६ चा अभ्यास श्यामरावांचा एकट्याचा. त्याच वर्षी त्यांनी आपल्या मित्राचे चरित्र प्रसिद्ध केले. मित्र जिवंत असताना, ऐन भरात असताना, त्याचे चरित्र लिहिणारा मित्र विरळा. त्यांचे भाऊ भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेजची स्थापना केली. त्यांचे नाव त्या संस्थेशी कायमचे जोडलेले राहिले. श्यामरावांनी आपले आयुष्य ज्या संस्थेत घातले तिची ओळख मात्र एल्विन यांच्याच नावाने झाली.

या मैत्रीतला ‘तिसरा’ कोण, हा प्रश्न मधूनच बदलतो. नागपूरच्या बिशपांशी एल्विन यांचे पटले नाही. १९३५ च्या सुमारास त्यांनी धर्मगुरूपद आणि पाठोपाठ चर्चही सोडले. ख्रिस्ताच्या नावाने सुरू झालेली सोबत त्या नावाचे बंधन एका बाजूने सुटल्यावरही तुटली नाही. गोंड आणि परधान माणसे, त्यांचे आजार, त्यांची गाणी दोघांच्या मध्ये उभी होती आणि तेवढे पुरले. कर्मठ ख्रिस्ती वाचक याला घसरण म्हणेल. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला आणि आजाऱ्याला केलेली सेवा ख्रिस्त आपलीच सेवा मानतो. तो अध्याय पुढे ठेवला तर मध्ये उभा असलेला तिसरा बदललाच नाही, असेही म्हणता येते.

१९५४ मध्ये एल्विन ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे मानववंशशास्त्रीय सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. श्यामराव मध्य प्रदेशातच राहिले. बावीस वर्षांचा संसार म्हणावा अशी सोबत तिथे विरळ झाली. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी एल्विन यांचे दिल्लीत निधन झाले. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राला पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यागाचा ताळेबंद मांडला तर श्यामरावांची बाजू जड भरते, हे उघड आहे. दिलेले आणि घेतलेले समान असावे अशी अट ख्रिस्ती विचार मैत्रीला घालत नाही. पण एकाने सतत देत राहावे आणि दुसऱ्याने त्याला स्वभाव समजावे, यालाही तो मान्यता देत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले ते गुरूने, ही गोष्ट मोठेपण लाभलेल्या मित्राला उद्देशून आहे.

शहापूर-मुरबाडच्या गावांत ही कसोटी पैशाच्या रूपाने अधिक वेळा येते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती मालकाकडून आगाऊ ‘उचल’ घेऊन. हिशेब फिटला नाही तर पुढच्या हंगामालाही तिथेच. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरीही विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी करावी लागली, कारण ठाणे जिल्ह्यात कर्जापायी बांधलेली माणसे शिल्लक होती. अशा ठिकाणी मित्रासाठी जामीन राहणे म्हणजे स्वतःच्या मानेला दोरी लावून घेणे. नीतिसूत्रांचे पुस्तक याबाबत कमालीचे व्यवहारी आहे. दुसऱ्यासाठी हातावर हात मारून जामीन राहू नकोस, राहिला असशील तर झोप घेण्याआधी जाऊन सुटका करून घे, असा त्याचा सल्ला. सर्व प्रसंगी प्रेम करणारा तो मित्र, असे सांगणारे पुस्तकही हेच.

या सल्ल्याविरुद्ध जाणारा एक दस्तऐवज मात्र नव्या करारातच जपलेला आहे. फिलेमोनाला लिहिलेले पौलाचे पत्र अवघे पंचवीस वचनांचे आहे. फिलेमोनाचा दास अनेसिम त्याच्यापासून दुरावून, कैदेत असलेल्या पौलापाशी पोहोचलेला असतो. पौल त्याला परत पाठवतो आणि दास म्हणून नव्हे तर भाऊ म्हणून घ्यायला सांगतो. त्याच्याकडून काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. पौल ही जबाबदारी दोघांच्याही देखत, लेखी आणि पूर्ण शुद्धीत घेतो, तीही माणूस बंधनातून सुटावा म्हणून. फिलेमोनाने पुढे काय केले, त्याची नोंद बायबलमध्ये नाही.